फाटकाच्या आत बंदूक कोणाची? भिलाईची गोष्ट



अमेरिकेत नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात कंपनी एक नियमपुस्तिका देते आणि वाचल्याची सही घेते. रजा किती, विमा कसा, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, हे सगळं त्यात असतं. मध्येच एक परिच्छेद येतो: कामाच्या जागी बंदूक आणू नये. काही राज्यांत त्याला पुढे शेपूट जोडलेलं असतं, की आवारात उभ्या केलेल्या तुमच्या गाडीत ती कुलूपबंद असेल तर कंपनीची हरकत नाही. नागपूर-पुण्याहून गेलेला मुलगा हे वाचून आधी हसतो, घरी फोन करून सांगतो, आणि घरचे घाबरतात.

या शेपटाची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो. ओक्लाहोमा राज्यात व्हॅलियंट नावाचं छोटं गाव आहे. तिथे वेअरहाउझर कंपनीची कागदाची गिरणी. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने गाड्या उभ्या करायच्या जागेत प्रशिक्षित कुत्रे फिरवले, आणि ज्यांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या अशा डझनभर लोकांना कामावरून काढलं. तो भाग शिकारीचा. गाडीत रायफल असणं म्हणजे आपल्याकडे सायकलच्या कॅरिअरला विळा अडकवलेला असावा तसं. लोक खवळले. दोन वर्षांत राज्याने कायदाच बदलला: गाडीतल्या कुलूपबंद बंदुकीला मालक मनाई करू शकत नाही. मोठमोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, एकदा जिंकल्या, पण २००९ साली अपिलात हरल्या. याच राज्यातल्या एडमंड गावी ऑगस्ट १९८६ मध्ये टपाल खात्याच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या चौदा सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं होतं. म्हणजे मालकांची भीती काही हवेतली नव्हती. कामगाराचा हक्क एका बाजूला, सहकाऱ्याचा जीव दुसऱ्या बाजूला, असा तो वाद आहे आणि अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न असाच विचारला, तर उत्तर एका ओळीत संपतं: आपल्या कामगाराकडे बंदूक नसतेच. पण म्हणून आपल्या कारखान्यांच्या इतिहासात बंदूक नाही असं समजू नका. ती आहे. फक्त ती कुणाच्या हातात होती, हे बघायला वेगळ्या बाजूने जावं लागतं. त्यासाठी आज आपण भिलाईला जाऊ.

भिलाई विदर्भातल्या लोकांना परकी नाही. मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. एके काळी हा सगळा पट्टा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, पोलाद कारखाना उभा राहू लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. विदर्भातल्या कितीतरी घरांत ‘भिलाईला लागला’ म्हणजे जन्माची ददात मिटली असं मानलं जायचं. सेक्टरांतली क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, सगळं कंपनीचं.

या कारखान्याच्या मेन गेटवर किंवा बोरिया गेटवर पाळी सुटताना उभं राहिलात तर एक गोष्ट लक्षात येईल. आपल्याकडची झडती प्रामुख्याने बाहेर जाणाऱ्याची असते. डब्यात तांब्याची तार नाही ना, पिशवीत भंगार नाही ना. आत जाणाऱ्याकडे बघतात ते गेटपास आणि हेल्मेट. कोळशाच्या भूमिगत खाणीत आत जाणाऱ्याचीही झडती होते, पण ती विडी-काडेपेटीसाठी. भंडारा, अंबाझरी, वरणगाव, खडकी इथल्या आयुध निर्माणींत काम केलेले लोक तुमच्या नात्यात असतील, त्यांना विचारा. तिथे माल शस्त्राचाच बनतो, तरी मुख्य चिंता तो माल बाहेर जाऊ नये हीच.

कागदोपत्रीही तेच. १९४६ साली औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा आला. त्यासोबतच्या केंद्राच्या नमुना आदेशांत गैरवर्तनाची यादी होती: हुकूम न मानणं, चोरी, लाच, वरचेवर गैरहजेरी, कामाच्या वेळी दंगा, बेकायदा संप वगैरे. त्या मूळ यादीत शस्त्राचा वेगळा उल्लेखच नव्हता. पुढे अनेक कंपन्यांनी आपापल्या आदेशांत प्राणघातक हत्यार जवळ बाळगणं हे गैरवर्तन म्हणून घातलं, ते नंतरचं. बंदुकीच्या परवान्यावरच्या अटी वाचल्या तरी हेच दिसतं. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात, शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेऊ नये, असं तिथे लिहिलेलं असतं. कारखाना त्या अटीत नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंदूक घेऊन पाळीवर येणारा कामगार कधी आलाच नाही.

का आला नाही? कारण १८७८. लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी झाली. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र नियमांत सूट होती. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला हा उघड वर्णभेद काढला, पण परवाना कुणाला मिळणार हे ठरवणारा साहेब तोच राहिला. या कायद्याचा राग आपल्या भागात किती होता, हे सांगायला एक प्रसंग पुरे. १९२७ साली नागपुरात मंचेरशा आवारी यांनी शस्त्र सत्याग्रह केला. बंगालमधल्या स्थानबद्धांच्या सुटकेची मागणी होती, आणि स्वयंसेवक उघडपणे तलवारी घेऊन रस्त्यावर उतरून अटक करवून घेत होते. जनरल आवारी हे नाव नागपूरकरांना अजून ठाऊक आहे.

आता त्याच वर्षी, त्याच रेल्वेवर काय चाललं होतं ते बघा. नागपूरहून छत्तीसगडमार्गे बंगालकडे जाणारी लाइन म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. या रेल्वेत बंदूक बाळगणारे कर्मचारी होते, आणि ती बंदूक त्यांनी लपवून आणलेली नव्हती. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरदारांची ‘बंगाल नागपूर रेल्वे व्हॉलंटियर रायफल्स’ ही पलटण एकोणिसाव्या शतकापासून होती. मुंबईकडे जी.आय.पी. रेल्वेचीही तशीच होती. १९२० नंतर या पलटणी ऑक्झिलरी फोर्समध्ये आल्या. त्या वर्गातल्या रेल्वे नोकरदाराला पलटणीत नाव घालणं नोकरीचाच भाग होतं: आठवडाभर गार्ड, ड्रायव्हर किंवा फोरमन, आणि कवायतीच्या दिवशी खांद्यावर रायफल. फेब्रुवारी १९२७ मध्ये खडगपूरला या रेल्वेच्या कामगारांचा संप झाला. ज्या संघटनेचा हा संप, तिचे नेते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले. तिथे संपकऱ्यांसमोर पोलिसांबरोबर ऑक्झिलरी फोर्सचे लोकही उभे होते, आणि गोळीबार झाला. म्हणजे एकाच कंपनीच्या पगारपत्रकावरचे दोन लोक, एकाच्या हातात कंपनीच्या मर्जीची रायफल आणि दुसऱ्याच्या हातात काही नाही. कामाच्या जागी कर्मचाऱ्याने बंदूक आणावी की नाही, याबद्दल मालकाचं धोरण आपल्याकडे होतं. ते कातडीचा रंग बघून ठरत होतं.

हे केवळ इंग्रजांचं होतं असं मात्र नाही. भिलाईत जे पोलाद बनतं, त्याच धंद्यातलं अमेरिकेचं उदाहरण घ्या. जुलै १८९२ मध्ये कार्नेगीच्या होमस्टेड कारखान्यात टाळेबंदी झाली, तेव्हा व्यवस्थापनाने पिंकर्टन एजन्सीचे तीनशे बंदूकधारी नदीतून गाधड्यांवर चढवून आणले. पण तिथे कामगारांकडेही बंदुका होत्या. दिवसभर लढाई झाली, दोन्हीकडची माणसं मेली, आणि शेवटी पिंकर्टनवाल्यांनी शरणागती पत्करली. भिलाईत असं होणं शक्यच नव्हतं, हे पुढे लक्षात ठेवा.

स्वातंत्र्यानंतर फाटकावरच्या पहारेकऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न सरकारी कारखान्यांपुढे आला. प्रत्येक कारखान्याचे आपापले चौकीदार होते. १९६४ साली रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये मोठी आग लागली. न्यायमूर्ती मुखर्जींनी चौकशी केली आणि त्यातून सरकारी उद्योगांसाठी एकच शिस्तबद्ध दल हवं, ही कल्पना पुढे आली. १९६८ साली कायदा झाला, १० मार्च १९६९ रोजी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभं राहिलं. आपण विमानतळावर ज्यांच्यापुढे पट्टा-बूट काढतो, ते हेच. भिलाईच्या फाटकांवरही त्यांचेच जवान.

पण या दलातला जवान कोण? कामगार की शिपाई? पगार कमी, राहायची सोय वाईट, आणि समोरून रोज जाणाऱ्या कामगाराला संघटना, बोनस, सगळं. १९७९ च्या उन्हाळ्यात देशभर पोलिसांत असंतोष होता आणि तो या दलातही आला. बोकारोच्या पोलाद कारखान्यात जवानांनी संघटना केली, मागण्या मांडल्या. सरकारने त्यांना निःशस्त्र करायला लष्कर पाठवलं. २५ जूनला तिथे चकमक झाली आणि दोन्ही बाजू मिळून वीसहून अधिक माणसं मेली. स्वतंत्र भारतातल्या एका कारखान्यात, कारखान्याचेच पहारेकरी आणि देशाचं लष्कर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. १९८३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे दल ‘संघराज्याचं सशस्त्र दल’ झालं. बंदूक हातात असलेल्याने कामगार असता कामा नये, असा निकाल सरकारने आपल्यापुरता लावून टाकला.

आता भिलाईच्या मुख्य गोष्टीकडे येऊ.

साठीच्या दशकात बंगालकडचा एक तरुण भिलाईच्या कोक ओव्हन विभागात कामाला लागला. शंकर गुहा नियोगी. संघटनेच्या कामामुळे त्याची नोकरी गेली. मग तो छत्तीसगडात गावोगाव फिरला, दगडाच्या खाणीत मजुरी केली, तिथलाच होऊन गेला. आणीबाणीत तुरुंगात होता. १९७७ साली सुटला, तेव्हा दल्ली-राजहराच्या लोहखाणीत वातावरण तापलेलं होतं. भिलाईच्या भट्ट्यांत जातं ते खनिज इथलं, खाणी भिलाई पोलाद कारखान्याच्या, पण हाताने दगड फोडणारे हजारो मजूर ठेकेदाराचे. त्यांनी नियोगीला आपला नेता केलं, छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. मागण्या साध्या होत्या: बोनस आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला भत्ता. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगीला उचललं. मजुरांनी काही पोलिसांना अडकवून ठेवलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. अकरा माणसं गेली, त्यांत एक स्त्री आणि एक लहान मुलगा. मजुरांनी पुढे त्यांच्या आठवणीत स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून दवाखाना बांधला. १९८३ साली सुरू झालेलं ते शहीद हॉस्पिटल आजही दल्ली-राजहरात चालतं.

१९८४ मध्ये राजनांदगावात गिरणी कामगारांवर पुन्हा गोळीबार झाला. आणि १९९० च्या सुमाराला नियोगी परत भिलाईत आला. या वेळी लढा पोलाद कारखान्याशी नव्हता. त्याच्याभोवती खासगी कारखाने उभे राहिले होते: ओतकाम, इंजिनिअरिंग, तारा, दारूच्या भट्ट्या. तिथे वर्षानुवर्षं तेच काम करूनही माणूस कागदावर ठेकेदाराचा. कायम करा, पोट भरेल एवढी मजुरी द्या, युनियन माना, एवढंच मागणं. उत्तरादाखल हजारो कामगारांना कामावरून काढलं. कार्यकर्त्यांवर गुंडांचे हल्ले होऊ लागले. १९९१ च्या सुरुवातीला नियोगीला जुन्या खटल्यांत दोन महिने तुरुंगात ठेवलं. सुटल्यावर जिल्ह्यांतून हद्दपार करायचा प्रयत्न झाला. सप्टेंबरात तो कामगारांना घेऊन दिल्लीला गेला आणि राष्ट्रपती वेंकटरमण यांना निवेदन देऊन आला. जिवाला धोका आहे हे त्याला माहीत होतं. त्याने ते डायरीत लिहून ठेवलं, एका कॅसेटवर बोलूनही ठेवलं.

२७-२८ सप्टेंबर १९९१ च्या मध्यरात्रीनंतर, भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात तो झोपलेला असताना खिडकीतून देशी बनावटीच्या पिस्तुलाने त्याला गोळी घातली. वय अठ्ठेचाळीस.

नियोगीकडे स्वतःचं शस्त्र नव्हतं, राखणदार नव्हता. त्याच्या संघटनेत हजारो लोक होते आणि मोर्चात त्यांच्या हातात लाल-हिरवे झेंडे असायचे. होमस्टेडच्या कामगारांसारखी उलटी गोळी झाडायची सोयही त्यांच्याकडे नव्हती आणि तसा विचारही नव्हता. त्यांनी काय केलं? दल्ली-राजहरातून, आसपासच्या गावांतून लोक आले आणि नेत्याला शांतपणे निरोप दिला. मग मागण्या तशाच चालू ठेवल्या.

नऊ महिने गेले. काढून टाकलेल्यांना कामावर घेत नव्हते. १ जुलै १९९२ रोजी कामगार बायकामुलांसह भिलाई पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर जाऊन बसले. ही तीच लाइन, जिच्यावर कधी काळी व्हॉलंटियर रायफल्स होत्या. दिवसभर मुंबई-हावडा वाहतूक बंद. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक आंदोलक मेले. त्या गोंधळात एक पोलीस उपनिरीक्षकही मारला गेला, आणि त्याचाही हिशोब धरायला हवा. तो पगारासाठी नोकरी करणारा माणूस होता. भोपाळमध्ये तेव्हा सुंदरलाल पटवांचं सरकार होतं.

नियोगीच्या खुनाचा तपास पुढे सीबीआयकडे गेला. जून १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या पल्टन मल्लाहला फाशी आणि कट केल्याबद्दल दोन उद्योगपतींसह इतर पाच जणांना जन्मठेप दिली. कारखानदाराला कामगार नेत्याच्या खुनात शिक्षा, ही आपल्या देशात फारच दुर्मीळ गोष्ट. पण वर्षभरात जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सगळ्यांनाच सोडलं. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पल्टन मल्लाहला दोषी धरून जन्मठेप दिली, बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. कटाचा पुरावा पुरेसा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. हा अंतिम निकाल आहे आणि सुटलेली माणसं कायद्याने निर्दोष आहेत, हे मी स्पष्टपणे सांगतो. पण इतिहास वाचणाऱ्याच्या हातात मग काय उरतं? एक भाडोत्री माणूस, एक गावठी पिस्तूल आणि एक झोपलेला नेता. ज्याचं त्या नेत्याशी काही वैर नव्हतं, त्याने गोळी का झाडली, हा रकाना निकालानंतरही कोराच आहे.

मुंबईकरांना ही गोष्ट ओळखीची वाटली असेल. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ गोळ्या घातल्या. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंतांना पवईत घराजवळ गाडी अडवून मारलं. दुर्गचा निकाल त्यानंतर पाच महिन्यांनी आला. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला युनियन लीडर, आणि दोन्ही ठिकाणी पिस्तूल धरणारा हात तिसऱ्याच माणसाचा, सुपारी घेतलेला. मुंबईत त्यामागे गिरण्यांच्या जमिनी होत्या, भिलाईत ठेकेदारी. पण नव्वदच्या दशकात औद्योगिक वादात बंदूक कुठून यायची याची पद्धत सारखीच झाली होती: ना फाटकावरून, ना कामगाराच्या डब्यातून, बाजारातून.

म्हणून अमेरिकेतली ती नियमपुस्तिका मला हसण्यासारखी वाटत नाही. तिथल्या मालकाला निदान लिहावं लागलं, की या आवारात शस्त्र कुणी आणायचं आणि कुणी नाही. ते लिहिलं म्हणून त्याला कोर्टात उभं करता आलं, वाद घालता आला. आपल्याकडे शस्त्रबंदीचे नियम कर्मचाऱ्यासाठी आहेत, खासगी पहारेकऱ्यांच्या एजन्सीसाठी २००५ पासून वेगळा कायदा आहे, बँकेच्या दारातल्या दुनळी बंदुकीचासुद्धा परवाना आहे. पण व्यवस्थापन, ठेकेदार आणि त्यांनी पोसलेली माणसं यांच्यासाठी कामगारांच्या सहीने मान्य झालेलं असं एखादं कलम कुठल्या स्थायी आदेशांत घालायची मागणी करायला काय हरकत होती? नियोगीच्या मागण्यांत ती नव्हती. मजुरी आणि कायम नोकरी यांच्यापुढे जायला त्याला वेळच मिळाला नाही.

दर वर्षी १ जुलैला भिलाई पॉवर हाउस स्टेशनापाशी लोक जमतात. त्यांतले काही तेव्हा आईच्या कडेवर होते. हार घातले जातात, घोषणा होतात, तोवर बाजूच्या रुळांवरून मुंबईकडची गाडी जाते. फाटकावर दुपारची पाळी सुटलेली असते आणि जवान डबे उघडून तार शोधत असतात.